बाराशें चौतीस

गेल्या वैशाखांत आमचा एक जुना विद्यार्थी नागपुरास आला असतां आमच्या भेटीस आला. आज्ञावली लिहिणें हा त्याचा व्यवसाय. आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. त्यामुळें कूलरसमोर बसून त्यानें जी तक्रार मांडली तींत आम्हांस कांहीं गम्य असेल असें प्रथम वाटलें नाहीं. त्यानें व त्याच्या मित्रांनीं एक लायब्ररी रचिली होती. लायब्ररी म्हणजे येथें ग्रंथसंग्रह नव्हे; इतरांनीं आपल्या आज्ञावलींत उसनी घ्यावी अशी तयार आज्ञांची शिदोरी. तिचें बिल्ड, म्हणजे बांधणी, इंटेल, एआरएम, रिस्क-फाइव्ह अशा नाना जातींच्या प्रोसेसरांवर निर्वेध होई; केवळ आयबीएमच्या एस-३९०-एक्स ह्या जातीवर तें शेवटच्या चाचणीशीं येऊन कोसळे. फाइलींत नोंदींची संख्या १ लिहिलेली होती. तें यंत्र ती १,६७,७७,२१६ अशी वाची. तीन दिवस त्यानें कंपायलरला दोष दिला. आम्हीं तो आंकडा कागदावर मांडून भागून पाहिला, तों २५६ स २५६ नें व पुन्हां २५६ नें गुणिलें असतां येणारी ती संख्या निघाली. म्हणजे आंकडा भलताच होता खरा, पण वेडावांकडा नव्हता. एक आपल्या जागेवरून तीन घरें सरकला होता, इतकेंच.

संगणकाच्या स्मृतीचें एक घर म्हणजे बाइट. त्यांत ० पासून २५५ पर्यंतचाच अंक मावतो. त्याहून मोठी संख्या चार घरांत पसरून ठेवावी लागते, आणि तेथें प्रश्न उभा राहतो: पहिल्या घरांत सर्वांत थोर स्थान ठेवावें कीं सर्वांत लघु?

ह्या प्रश्नाशीं मराठी माणसाचा परिचय फार जुना आहे. आपण २५ लिहितांना दोन आधीं लिहितों, पण बोलतों पंचवीस, म्हणजे पांच आधीं. आमची नात इंग्रजी शाळेंत जाते. आजीनें पंचवीस लिहावयास सांगितलें कीं ती हटकून ५२ लिहिते. संस्कृत ज्योतिषग्रंथांत शब्दांनीं संख्या सांगतांना एकंस्थानापासून आरंभ करण्याचा संकेत असे. भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक १०३६ सांगितला तो सहा, तीन, शून्य, एक ह्या क्रमानें; संकेत न जाणणारा वाचक त्यांस शके ६३०१ मध्यें जन्मास घालील. ‘बाराशें चौतीस’ तर याहून मौजेचें. बारांत दोन आधीं, दहा मागून. चौतिसांत चार आधीं, तीस मागून. पण बाराशें मात्र चौतिसाच्या आधीं. कानीं पडेल तसे अंक मांडीत गेलें तर २१४३ होतात.

संगणकाच्या इतिहासांत हे तिन्ही प्रकार घडले आहेत. १९६४ सालीं जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम-३६० नें थोर-आधीं ही लेखनाची रीति धरली. एस-३९०-एक्स हें तिचेंच वंशज. १९७० सालच्या पीडीपी-११ नें आपल्या दोन बाइटांच्या शब्दांत लघु बाइट आधीं ठेविला. परंतु दोन शब्द जोडून मोठी संख्या लिहितांना बहुधा थोर शब्द आधीं येई. म्हणजे हुबेहूब आपलें बाराशें चौतीस! ‘युनिक्स’ ह्या नांवाचीं चार रोमन अक्षरें ह्याच गोंधळांत सांपडून पडद्यावर ‘नुक्सी’ अशीं उमटलीं, अशी आख्यायिका त्या धंद्यांत अजून सांगतात. पुढें १९७८ मध्यें इंटेलच्या ८०८६ नें लघु-आधीं हा पक्ष घेतला, आणि वर्षभरानें मोटोरोलाच्या ६८००० नें त्याच्या उलट. ह्या भांडणावर डॅनी कोहेन यानें १ एप्रिल १९८० रोजीं एक मिस्किल निबंध लिहिला व दोन्ही पक्षांस स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर’मधील, अंडें कोणत्या टोंकानें फोडावें यावरून लढणाऱ्या लोकांचीं नांवें दिलीं. क्रम कोणताहि असो, एकमत व्हावें, एवढेंच त्याचें मागणें होतें. तें मान्य झालें नाहीं.

महाराष्ट्रांतहि ह्या भांडणाचे पडसाद यंत्रांच्या पोटांत आहेत. पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा केला. त्याचे सूत्रधार विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतले, आणि आज व्ही.एन.आय.टी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या नागपूरच्या महाविद्यालयाचे पदवीधर. त्या यंत्रांतील ट्रान्सप्यूटर लघु-आधीं पंथाचे. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्यें सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क आले, ते थोर-आधीं; त्यामागून आलेल्या ‘परम पद्म’चे पॉवर-४ हि तसेच. २००८ च्या ‘परम युवा’नें इंटेलचे झिऑन घेतले, आणि घराणें पुन्हां लघु-आधीं झालें. सतरा वर्षांत दोनदां कूस बदलली! एका पिढीवर जशाच्या तशा उतरवून ठेविलेले अंक पुढच्या पिढीवर उलटवून घेतल्याखेरीज वाचतां येण्याजोगे नव्हते.

आज बहुतेक सर्व यंत्रें लघु-आधीं चालतात, आणि नव्या लेखकांस दुसरा क्रम असतो याची आठवणहि राहिलेली नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ च्या अधिकृत जातींत थोर-आधीं अशी एकच उरली आहे, ती एस-३९०-एक्स. आमच्या विद्यार्थ्याच्या मनांत आलें कीं त्या एका जातीपुरती चाचणीच वगळावी. मित्रांचाहि तोच आग्रह होता. आम्हांस तें मुळींच रुचलें नाहीं. साक्षीदार एकटा आहे म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकास सांगावें लागत नाहीं. शिवाय हीं यंत्रें असतात तीं मोठमोठ्या बँकांतून. तेथें बिल्ड कोसळलें तें बरेंच म्हणावयाचें. न कोसळतां चुकीचा आंकडा खातेवहींत गेला असता तर?

मग ही चूक इतकीं वर्षें दडून कशी राहिली? जुन्या चाचण्या काढून पाहिल्या, तों त्या सर्वांत नोंदींची संख्या शून्य. शून्य कोणत्याहि बाजूनें वाचलें तरी शून्यच! परवां कोणीं तरी एक नोंद असलेली फाइल चाचणीस जोडली, आणि बिंग फुटलें.

दोष कंपायलरचा नव्हता. फाइलींतील चार बाइट त्याच्या आज्ञावलीनें उचलून जसेच्या तसे यंत्राच्या हवालीं केले होते, आणि यंत्रानें ते आपल्या कुलाचाराप्रमाणें वाचले. त्यानें ती एक ओळ काढून चार लिहिल्या: पहिला बाइट तसाच, दुसऱ्यास २५६ नें गुणावें, तिसऱ्यास ६५,५३६ नें, चौथ्यास १,६७,७७,२१६ नें, आणि बेरीज घ्यावी. फाइलीचा क्रम त्यानें स्वतःच सांगितल्यावर यंत्राच्या क्रमाला विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. तिन्हीसांजेस तो उठून गेला. रात्रीं उशिरां त्याचा निरोप आला: एस-३९०-एक्सवर नोंदी १.