तेंगानान पेग्रिंगसिंगान

तेंगानान पेग्रिंगसिंगान : इंडोनेशियाच्या बाली बेटावरील तटबंदीयुक्त खेडे. पूर्व बालीतील करांगासेम जिल्ह्यात, मांगिस तालुक्यात मोडते. देनपासार या प्रांतिक राजधानीपासून सुमारे 65 किमी., तर चांदीदासा या किनारी पर्यटनस्थळापासून जेमतेम 4 किमी. आत, टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यात ते वसले आहे. गावाच्या मालकीची जमीन सुमारे 917 हेक्टर असून तिच्या लहानशा भागात वस्ती आहे. बाकीच्या बहुतेक भागात वन आणि जिरायत, तर टेकड्यांपलीकडे भातखाचरे आहेत. रहिवासी ‘बाली आगा’ समाजाचे, म्हणजे चौदाव्या शतकात जावातील मजपहित सत्ता बेटावर पसरण्याआधीच्या बालीवासीयांचे वंशज मानले जातात. धर्म हिंदू; मात्र बालीतील अन्य हिंदूंप्रमाणे येथे मृताचे दहन होत नाही, दफन होते.

बालीच्या प्रवासवर्णनांत हे गाव कापडासाठी आणि काटेरी पानांच्या लढाईसाठी येते. या दोन्ही गोष्टी असामान्य आहेतच. पण जमीन, झाड आणि घर यांवर कोणाचा किती हक्क, हे येथे ज्या बारकाईने ठरवून ठेवले आहे ती या गावाची खरी थोरवी आहे. सुरक्षिततेची व्यवस्थाही त्याच नियमांतून उभी राहिली आहे.

वस्ती आयताकृती आहे. लांबी सुमारे 500 मी. व रुंदी सुमारे 250 मी. असून तिच्याभोवती तट व चार दिशांना वेशी आहेत. दक्षिणेची वेस मुख्य असली तरी अरुंदच आहे. आत दक्षिणोत्तर जाणारे, उत्तरेकडे पायरीपायरीने चढत जाणारे तीन समांतर रस्ते आहेत. त्यांना ‘आवांगान’ म्हणतात. पश्चिमेचा आणि मधला रस्ता मानाचा, पूर्वेकडील वस्ती ‘बांजार पांदे’ दुय्यम मानली जाते. रस्त्यांच्या दुतर्फा घरांची आवारे एकमेकांना लागून, जवळजवळ सारख्या आकाराची आहेत. दगडामातीच्या भिंती, वर ताडजातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंचे किंवा झावळ्यांचे छप्पर आणि ओळींच्या मागच्या बाजूने सांडपाण्याचा पाट, अशी रचना आहे. वाहने वेशीबाहेर थांबतात. आत गावाच्या मालकीच्या काळ्या म्हशी मोकळ्या फिरतात.

इतकी दाट वस्ती आणि पेटणारी छपरे यांमुळे आग हे येथील सर्वांत जुने भय आहे. 1841 मध्ये गाव जळाले आणि ताडपत्रावर लिहिलेली ग्रामसंहिता, ‘आविग-आविग’, त्यात नष्ट झाली. पुढच्याच वर्षी ती ज्येष्ठांच्या स्मरणातून पुन्हा लिहून काढण्यात आली. घरे उभी करण्याच्या धांदलीत गावाने नियमांचा मजकूरही तितक्याच तातडीने परत उभा केला, यावरून त्या मजकुराचे येथील स्थान कळते.

गावाच्या जमिनीची उत्पत्तिकथा महत्त्वाची आहे, कारण हक्काचा आधार म्हणून ती आजही सांगितली जाते. बालीतील बेदाहुलूच्या राजाला अश्वमेध करायचा होता. त्यासाठीचा घोडा नाहीसा झाला. महाभारत-पुराणांतील उच्चैःश्रव्याचेच नाव या घोड्याला आहे. येथील उच्चार ‘ओंचेस्रावा’. शोधासाठी राजाने चोहीकडे माणसे धाडली. गावकऱ्यांचे पूर्वज मानल्या गेलेल्या पेनेगेस लोकांच्या तुकडीला घोडा सापडला, पण मेलेला. तरीही राजाने बक्षीस दिले : मेलेल्या घोड्याचा वास जेथपर्यंत येईल तेथपर्यंतची जमीन त्यांची. हद्द ठरवायला आलेला राजाचा अधिकारी चालू लागला, सोबत पेनेगेसांचा पुढारी. कितीही चालले तरी वास येतच राहिला, कारण पुढाऱ्याने घोड्याच्या मांसाचा तुकडा आपल्या वस्त्रात लपवला होता. अधिकारी दमून थांबला, तेव्हा खोरे आणि भोवतालच्या टेकड्या गावाच्या झाल्या होत्या. परिसरातील काही प्राचीन शिळा या घोड्याच्या अवयवांच्या खुणा म्हणून पूजल्या जातात. बातू ताइकिक आणि पेनिंबालान ही त्यांतील ठळक ठिकाणे. इंद्र हे ग्रामदैवत, आणि आपण त्याची निवडलेली माणसे आहोत अशी गावाची श्रद्धा आहे. बालीत अन्यत्र त्रिमूर्तीला जे महत्त्व आहे ते येथे इंद्राला आहे; ऋग्वेदातील या देवाचे स्थान भारतात पुढे किती मागे पडले हे ध्यानात घेता धर्मेतिहासाच्या अभ्यासकांसाठी हे लक्षणीय उदाहरण आहे. डच अधिकारी व परंपरागत कायद्याचे अभ्यासक व्ही. ई. कोर्न यांनी 1933 मध्ये तेंगानानवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच गावाला ‘ग्राम-प्रजासत्ताक’ म्हटले. पुढे स्विस मानववंशशास्त्रज्ञ उर्स राम्सेयर यांनी येथील वस्त्रे व विधी यांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

ग्रामसंहितेप्रमाणे गावच्या हद्दीतील जमीन बाहेरच्या माणसाला विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही. मोठा भाग सरळ गावाचा आहे. काही जमीन खासगी असली तरी तिचीही विक्री तटाच्या आतच होऊ शकते. फणस, जंगली अक्रोड, दुरियान, चाफा, पांगी, तेहेप अशी झाडे जिवंत असताना तोडण्यास मनाई आहे, मग ती स्वतःच्या बागेत का असेनात. वाळलेले झाडही ग्रामाधिकाऱ्यांनी पाहून खात्री केल्यावरच तोडायचे. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला घर बांधण्यासाठी मात्र यातून सवलत मिळते.

फळांचा नियम अधिक विलक्षण आहे. दुरियान, जंगली अक्रोड, पांगी आणि तेहेप यांची फळे झाडाच्या मालकालाही तोडता येत नाहीत. ती पिकून गळू द्यायची. आणि गळालेले फळ ज्याला सापडेल त्याचे. दुरियानच्या हंगामात त्यामुळे गरीब घरालाही वनातून दोन पैसे मिळतात. उत्सवासाठी लागणारा माल गावातील कोणाच्याही बागेतून विनामोबदला घेण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. खासगी मालकी येथे मान्य आहे, पण तिच्यावर पहिला हात गावाचा असतो. या टेकड्यांवर आज दाट झाडी टिकून आहे, ती या नियमांमुळे.

ग्रामसभेचे सभासदत्व व्यक्तीला मिळत नाही, दांपत्याला मिळते. ‘बाले आगुंग’ या लांबलचक सभामंडपात बसण्याचा क्रम वयावर ठरत नाही. ज्याचे लग्न आधी, तो वरच्या जागी. सामाईक खाचरांतील धान्याचा वाटाही याच सभासदांकडे जातो. मुलगा आणि मुलगी यांना वारशात समान हक्क आहे, आणि पितृप्रधान वारसा रूढ असलेल्या बालीत ही गोष्ट फार मोठी आहे. परंतु पती व पत्नी दोघेही गावातलेच हवेत. बाहेर लग्न करणाऱ्यांना पूर्ण सभासदत्व नाही. पूर्वी अशांना पूर्वेच्या बांजार पांदेमध्ये राहावे लागे आणि बाहेर लग्न करणाऱ्या स्त्रीला तर गाव सोडावे लागे. शारीरिक व्यंग असलेल्यांनाही सभासदत्व नाकारले जाते. जमीन गावाबाहेर जाऊ नये म्हणून घातलेली ही बंधने काही माणसांनाच बाहेर ठेवतात. सामाईक मालकीचे कौतुक करणारी अनेक वर्णने ही बाजू गाळतात; ती नोंदवल्याशिवाय गावाचे चित्र खरे होत नाही.

रक्षण : परगावच्या माणसाला वस्तीत रात्रीचा मुक्काम करू न देण्याची जुनी रीत आहे. अन्य बाली गावांप्रमाणे येथेही पोकळ लाकडाचा ‘कुलकुल’ वाजवून लोकांना बोलावतात. धोक्याच्या वेळी वाजवायची घाईची लय वेगळी असून तिला ‘कुलकुल बुलुस’ म्हणतात. आग किंवा चोर यांची वर्दी अशी क्षणात घरोघर पोचते. बालीत ‘पेचालांग’ हे परंपरागत रक्षक असतात. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र ही त्यांची खूण. 2001 च्या प्रांतिक नियमाने त्यांना मान्यता दिली. नियमभंगाची शिक्षा म्हणजे दंड, आणि शेवटी बहिष्कार. जेथे शेती, पूजा आणि दफनभूमी सगळे गावाच्या हाती आहे तेथे बहिष्काराची धास्ती पोलिसांपेक्षा जास्त असते. निसर्गाचा धोका उत्तरेकडील आगुंग ज्वालामुखीचा : 1963 च्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे मेली, तर 2017 मध्ये करांगासेममधून लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले. 16 ऑक्टोबर 2021 रोजी जिल्ह्यास भूकंपाचा तडाखा बसला.

भात, नारळ, ताडी, फळे ही उत्पन्ने. खाचरे बहुधा बाहेरगावचे वाटेकरी कसतात. पर्यटन व विणकाम यांतून रोख पैसा येतो.

‘गेरिंगसिंग’ हे येथील कापड सुती असून ताणा आणि बाणा दोन्हींचे सूत विणण्यापूर्वीच नक्षीबरहुकूम बांधून रंगवलेले असते. ही दुहेरी पद्धत जगात फार थोड्या ठिकाणी, येथे तसेच भारत व जपान येथे टिकली आहे. सूत जंगली अक्रोडाच्या तेलात व राखेच्या पाण्यात महिन्याहून अधिक काळ मुरवतात. ज्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही त्याच्याच गळालेल्या फळांतून हे तेल येते. तांबडा रंग आल अर्थात बारतोंडीच्या मुळांच्या सालीचा, निळा शेजारच्या बुगबुग गावी करून आणतात. एका वस्त्राला कित्येक वर्षे लागू शकतात. ते अंगावर असले की रोगराई व अरिष्टे दूर राहतात अशी श्रद्धा असल्याने रक्षणाच्या विषयात त्याचीही गणना करावी लागते. याच दुहेरी पद्धतीचे, गुजरातच्या पाटणचे रेशमी पटोळे शतकानुशतके व्यापारातून या द्वीपसमूहात येत आणि घराण्याचा ठेवा म्हणून जपले जात.

साधारणतः मे-जूनमध्ये येणाऱ्या ‘उसाबा सांबाह’ उत्सवात केवड्याच्या जातीच्या काटेरी पानांची जुडी आणि वेताची ढाल घेऊन तरुण जोडीजोडीने लढतात. पाठीवर रक्त येते. लढत संपल्यावर हळद, कोळिंजन यांचा लेप एकमेकांना लावून सारे एकत्र जेवतात. लोखंडी पट्ट्यांचे ‘सेलोंदिंग’ वाद्य तेव्हा वाजते.

इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याने परंपरागत समूहाचा हक्क तत्त्वतः मानला, पण पट्टा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे निघत असे आणि परंपरागत गावाला स्वतःच्या नावाने तो मिळण्यात अडचण होती. 2017 मध्ये केंद्रीय जमीन मंत्रालयाने बालीतील परंपरागत गावांना सामाईक जमिनीचे हक्कधारक ठरवले. 2019 च्या प्रांतिक नियमाने त्यांचा दर्जा आणखी स्पष्ट केला. चांदीदासाच्या किनाऱ्यावर हॉटेले वाढली, तेव्हा चुन्यासाठी प्रवाळ खणला गेला आणि पुळण वाहून गेली. जमीन बाहेर विकता येत नसल्याने तेंगानानच्या टेकड्यांवर असे बांधकाम झाले नाही. सरकारी ग्रामप्रशासन निराळे असून त्यात दाउह तुकाद, गुमुंग या शेजारच्या वस्त्याही येतात. पैकी दाउह तुकाद येथे काटेरी पानांची लढाई स्वतंत्रपणे होते.