परदेशची पदवी आणि खानदेशचा रोगी

परदेशांत वैद्यक शिकून आलेल्या डॉक्टरानें येथील रोग्याच्या नाडीवर हात ठेवण्यापूर्वीं त्याची पारख कोणीं व कशी करावी, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशें वर्षांहून जुना आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या. त्या अमेरिकेंत असतांनाच कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीकक्षाचें काम त्यांच्याकडे पत्रानें सोंपविलें. पदवी हेंच प्रमाण मानलें गेलें. परंतु तें काम हातीं घेण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

पुढें नुसत्या पदवीवरचा हा विश्वास ओसरला. मुंबई इलाख्यांत १९१२ च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. १९३३ च्या कायद्यानें अखिल भारतीय वैद्यक परिषद आली. २००२ सालापासून परदेशांतून पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयांसाठीं चाळणी परीक्षा ठरली. तिचें स्वरूप सरळ आहे: ३०० प्रश्न, प्रत्येकास पर्यायी उत्तरें आणि उत्तीर्ण होण्यास १५० गुण. रशिया, चीन, फिलिपाइन्स अशा देशांतून परतणाऱ्यांना ही परीक्षा द्यावी लागते. तींत मुलाखत नाहीं, आणि रोगीही नाहीं.

आतां हा डॉक्टर जळगांव किंवा धुळें जिल्ह्यांतील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसला आहे अशी कल्पना करा. समोरची म्हातारी ‘मन्हं पोट दुखस’ म्हणून अहिराणींत सांगते. चोपडें-शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशीं गेल्यास पावरी बोलणारा रोगी भेटतो, आणि त्याच्या सांधेदुखीमागें सिकलसेल असूं शकतो. कपाशीवर औषध फवारून घरीं आलेल्या मजुराला घाम व उलट्या सुटतात. वैशाखांत उन्हानें माणसें कोसळतात. हे रोग पुस्तकांत आहेतच. पण ‘सकाळीं कोठें होतास, काय हाताळलेंस’ हें ज्याला विचारतां येत नाहीं, त्याला पुस्तकांतलें ज्ञान वेळेवर आठवणार कसें?

ब्रिटननें १९७५ पासून परदेशी डॉक्टरांच्या वैद्यकीय ज्ञानाबरोबर त्यांची भाषाही तपासण्यास आरंभ केला. त्या कसोटींतून आपले पुष्कळ डॉक्टर गेले. आपल्या चाळणी परीक्षेची भाषा मात्र इंग्रजी आहे. रोग्याची भाषा तींत कोणी विचारीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मुलाखतींत वशिल्यास वाव असतो, छापील प्रश्नपत्रिका कोणाचें तोंड पाहत नाहीं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मुलाखत मोकळ्या गप्पांची नसावी. प्रत्येक उमेदवारापुढें तोच प्रसंग ठेवावा आणि गुणांची वाटणी आधींच ठरलेली असावी. दहा मिनिटांत त्यानें रोग्याला मराठींत चार प्रश्न विचारावे, गोळ्या कशा घ्याव्या तें समजावून सांगावें, आणि कोणत्या रोग्यास जिल्हा रुग्णालयाकडे धाडावें तें सांगावें. ही कसोटी देशांत शिकलेल्या डॉक्टरालाही लावावी. अहिराणी मुंबईच्या पदवीधरालाही शिकावीच लागते.

दूरदेशीं सहा वर्षें काढून मुलगा परततो, त्यामागें बापाचें शेत अनेकदां गहाण पडलेलें असतें. त्याला परका समजून झिडकारणें अन्यायाचें होईल, आणि न पारखतां रोग्यापुढें बसविणें त्याहूनही मोठ्या अन्यायाचें. पारख करणारांनीं ह्या दोघांचेंही ऋण ओळखून प्रश्न काढावे.