पांढरीखालची खूण

इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. त्या खोदकामावर मजुरी केलेल्या काही वृद्धांच्या आठवणी मी २००६ साली ध्वनिमुद्रित करून एका हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी ती भाच्याच्या संगणकाला लावली, तर पडद्यावर प्रश्न आला : डिस्क फॉरमॅट करायची का? तो ‘हो’ म्हणणार, एवढ्यात मी हात धरला.

डिस्क कोरी नव्हती. तिच्यावरची मांडणी त्या संगणकाला येत नव्हती, इतकेच. माझा जुना संगणक लिनक्सवर चाले आणि डिस्कची मांडणी ‘एक्स्ट-३’ होती.

प्रत्येक मांडणी ठरलेल्या जागी आपली खूण ठेवते. एनटीएफएस पहिल्या तीन बाइट्सनंतर स्वतःचे नावच लिहिते. सीडीवर पहिले ३२ किलोबाइट सोडल्यावर ‘सीडी००१’ सापडते. एक्स्ट घराण्याची खूण १,०८० बाइट ओलांडल्यावर येते : ५३ आणि ईएफ. संगणक या जागा तपासतो, खूण पटली की त्या मांडणीचा जाणकार प्रोग्रॅम बोलावतो आणि डिस्कमधले फोल्डर आपल्या झाडाच्या एका फांदीला जोडतो. यालाच ‘माउंट’ म्हणतात. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतही ही आज्ञा आहे. १९९१ मध्ये लिनक्सला मिनिक्सची एकच मांडणी येत होती, नावे चौदा अक्षरांची आणि डिस्क ६४ मेगाबाइटपर्यंतच. पुढे मध्ये एक सामाईक थर आला. ‘फाइल उघड’ ही आज्ञा तो ज्या त्या मांडणीच्या प्रोग्रॅमकडे पोचवतो. त्यामुळे रेमी कार्ड यांची एक्स्ट १९९२ मध्ये आणि एक्स्ट-२ १९९३ मध्ये सहज सामावल्या.

गावोगावी जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकली गेली. जोर्वे खापराची काळी नक्षी ओळखणाऱ्याला जिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गाव दिसते, तिथे इतरांना नुसते खतच दिसते.

लिनक्सवर मी आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि ती केवळ वाचण्यापुरती जोडली. आज त्या वृद्धांपैकी कोणी हयात नाही. पहिल्याच फाइलमध्ये एक आजोबा लहान मुलांच्या पुरलेल्या रांजणांविषयी सांगत होते. भाचा शेवटपर्यंत ऐकत बसला.