गिरगावच्या खाणावळी आणि परकी उपाहारगृहे

काय खावे यापेक्षा कोणाच्या पंक्तीस बसून खावे, या प्रश्नाला आपल्या समाजात फार काळ अधिक महत्त्व होते. गिरगावच्या खाणावळींचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचेऱ्या, पेढ्या व छापखाने यांतील नोकरीसाठी कोकणातून व देशावरून पुष्कळ पुरुष कुटुंब गावी ठेवून मुंबईस आले. त्यांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून खाणावळी निघाल्या. महिन्याचे पैसे भरावे व दोन वेळ जेवावे, अशी तेथील रीत होती. मात्र पुष्कळ खाणावळी जातवार असत. स्वयंपाकी कोण, शेजारी कोण, याची चौकशी केल्यावाचून पानावर बसणे अनेकांस प्रशस्त वाटत नसे.

पुढे इराणातील यज्द व केरमान या भागांतून आलेल्या लोकांनी नाक्यानाक्यांवर चहाची दुकाने मांडली. धोबी तलावाजवळील १९०४ सालचे कयानी आजही चालू आहे. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का आणि दाट चहा ही त्यांची ओळख. तेथे गिऱ्हाइकाची जात सहसा कोणी विचारीत नसे. घरी सोवळे पाळणारी माणसे परजातीयांच्या शेजारी बसून चहा पिऊ लागली. घरात मात्र त्याचा उच्चार होत नसे.

ही मोकळीक सर्वांच्या वाट्यास आली नव्हती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अस्पृश्य गणलेल्या बांधवांना अनेक हिंदू उपाहारगृहांत मज्जाव असे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने असा मज्जाव बेकायदा ठरविला.

१९९६ साली वांद्र्यास मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन उपाहारगृहाची शाखा निघाली. गाईचे व डुकराचे मांस वर्ज्य करून तिने येथे जम बसविला. पुढे अशी दुकाने शहरभर झाली. त्यांनी आपले अन्न बुडविले, अशी तक्रार वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते. परंतु वडापावातील पाव, बटाटा व मिरची ही तिन्ही पोर्तुगीजांच्या काळात परदेशांतूनच आली. शिवाय कुटुंबे मुंबईत नांदू लागली, पुढे पुष्कळ मराठी बिऱ्हाडे गिरगाव सोडून उपनगरांत गेली, आणि खाणावळींचे गिऱ्हाईकच सरले. खोताच्या वाडीतील नामांकित अनंताश्रमही आता राहिले नाही. बर्गरवर सगळा दोष ढकलणे न्यायाचे होणार नाही.

आता आपले कर्तव्य काय? ज्ञातीच्या वृद्ध स्त्रियांजवळ जे पाककौशल्य आहे, ते त्यांच्या हयातीतच लिहून काढावे. ते गेले तर कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. जुनी पंक्तीची कुंपणे मात्र जतन करू नयेत. आपल्या मंडळाच्या वार्षिक भोजनास अन्य ज्ञातींच्या शेजाऱ्यांसही अगत्याने पाचारण करावे. इराण्याने गिऱ्हाईक म्हणून ज्यांना एका टेबलाशी बसविले, त्यांना आपण पाहुणे म्हणून एका पंक्तीस बसवावे, एवढीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे.