फवारणीचा पैसा, पायपिटीचा पैसा

सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की ओट्यावर हटकून दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारने थैली सैल सोडावी. दुसरा म्हणतो, फुटक्या रांजणात किती पाणी ओतायचे? दोघांनाही मी हिवतापाची हकीकत सांगतो. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढे न गेलेला. पण ही हकीकत वैद्यकाइतकीच जमाखर्चाची आहे.

१९४७ साली आपल्या देशात वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत, असा अंदाज आहे. ऐन सुगीत घरचे घर वाकळ पांघरून कुडकुडत पडले, तर उभे पीक कापायचे कुणी? मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास धारवाड आणि कारवारकडच्या गावांत घरोघर डी.डी.टी. फवारली आणि गुण आला. १९५३ साली देशभर मोहीम निघाली. १९५८ साली ‘नियंत्रणा’चे ‘निर्मूलन’ झाले. पैसा पाण्यासारखा ओतला, परदेशची मदतही आली. १९६१ साली देशात नोंदलेले रुग्ण उरले पन्नास हजारांच्या आत! १९६५ साली हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. पैशाने काय होते, असे विचारणाराने हा आकडा जरूर पाहावा.

पुढचे काम होते राखणीचे. त्यात पंपाचा रुबाब नाही. महिन्याच्या महिन्याला दारोदार जायचे, “कुणाला ताप आहे का हो?” म्हणून विचारायचे, बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. १९६३ च्या चढ्ढा समितीने दहा हजार वस्तीमागे असा एक माणूस नेमावा म्हटले. आणि जन्ममृत्यूच्या नोंदी व कुटुंबनियोजनही त्याच्याच गळ्यात घातले. (एका माणसाला चार कामे सांगितली म्हणजे काय होते, हे कोणत्याही मास्तराला विचारा, आम्ही खानेसुमारीही करतो!) या राखणीचा खर्च राज्यांना पेलवेना, मुखर्जी समितीला १९६६ साली तसे स्पष्ट लिहावे लागले. रोगी नाही, तर रोग्याला शोधत हिंडणाऱ्याला पगार कशाला, असेही कुणा हिशेबनिसाला वाटले असेल. त्यात डी.डी.टी. वेळेवर मिळेना आणि डासही तिला सरावले.

१९७६ साली रुग्ण झाले ६४ लाखांवर.

म्हणून मी थैलीवाल्याला विचारतो, बाबा रे, थैली किती वर्षे सैल ठेवशील? आणि रांजणवाल्याला म्हणतो, रांजण भरला होता. बुडाशी भोक पडले ते राखणदाराचा पगार जड झाला तेव्हा.

१९७७ साली योजना बदलली. तापाच्या गोळ्या गावातच मिळाव्यात म्हणून ठिकठिकाणी बिनपगारी वाटपकेंद्रे निघाली. गोळ्यांचा डबा सांभाळायला माणसे निवडली ती पंचायतीचे सभासद आणि, अर्थातच, शाळामास्तर.