विमान उतरताना गप्पा बंद, औषध देतानाही!

विमान खाली यायला लागलं की आपल्याला पट्टा बांधायला आणि खुर्ची सरळ करायला सांगतात. त्याच सुमारास कॉकपिटमध्ये वैमानिकांवरही एक बंधन लागू होतं, हे तुम्हाला माहीत आहे का? दहा हजार फुटांच्या खाली आल्यावर त्यांनी कामाशिवाय एक शब्दही बोलायचा नाही. या नियमाला ‘स्टराइल कॉकपिट’ म्हणतात. स्टराइल म्हणजे निर्जंतुक, आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या वापरातला शब्द. फक्त इथे बाहेर ठेवायचे आहेत ते जंतू नव्हेत, तर लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी.

हा नियम कसा आला, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण त्याचा तुमच्या-आमच्या तब्येतीशीही संबंध आहे.

उतरतानाच एवढी काळजी का?

उंचावर सरळ उडताना बरंचसं काम ऑटोपायलट करतो. उतरताना मात्र सगळी कामं एकदम अंगावर येतात. वेग कमी करायचा, पंखांचे फ्लॅप आणि चाकं बाहेर काढायची, कंट्रोल टॉवरच्या सूचना ऐकून उत्तर द्यायचं, उंचीमापक त्या गावच्या हवेच्या दाबानुसार जुळवायचा आणि ठरलेल्या टप्प्यांवर उंची मोठ्याने उच्चारायची. जमीन जवळ येत असते, त्यामुळे चूक झाली तर ती सुधारायला वेळ उरत नाही.

एका बल्बची गोष्ट

29 डिसेंबर 1972 ची रात्र. ईस्टर्न एअरलाइन्सचं 401 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला पोहोचत होतं. पुढचं चाक नीट लागल्याचा दिवा पेटेना. वैमानिकांनी विमान 2000 फुटांवर नेलं, ऑटोपायलटवर ठेवलं आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. या गडबडीत उंची कायम राखणारी व्यवस्था नकळत बंद झाली. विमान हळूहळू खाली येऊ लागलं. उंची बदलल्याची सूचना देणारी घंटाही वाजली, पण तिची दखल कोणी घेतली नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं आणि 101 माणसं गेली. चाक व्यवस्थित लागलेलं होतं. फक्त दिव्याचे बल्ब गेले होते!

धुक्यातल्या गप्पा

दोन वर्षंही झाली नव्हती. 11 सप्टेंबर 1974 च्या सकाळी त्याच कंपनीचं 212 क्रमांकाचं विमान नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे उतरत होतं. जमिनीलगत धुकं होतं. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात काय सापडलं? राजकारण आणि जुन्या गाड्या यांवरच्या गप्पा. उतरता उतरता जवळच्या करमणूक पार्कचा मनोरा दिसतोय का, याचीही चर्चा झाली. उंचीचे ठरलेले उच्चार राहून गेले. जमिनीपासून हजार फुटांवर आल्याचा इशारा वाजला, पण त्याकडेही दुर्लक्ष झालं. विमान धावपट्टीच्या सुमारे तीन मैल अलीकडे आदळलं. विमानातल्या 82 जणांपैकी सत्तरहून अधिक जण दगावले.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने कारण नोंदवलं ते असं: कॉकपिटमध्ये शिस्त नव्हती आणि त्यामुळे ऐन मोक्याच्या क्षणी उंचीचं भान राहिलं नाही.

नियम काय सांगतो?

1981 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नियम केला. विमान जमिनीवर चालत असताना, उड्डाण करताना, उतरताना आणि दहा हजार फुटांखाली (सरळ प्रवासाचा भाग सोडून) फक्त सुरक्षेची कामं करायची. जेवण, अवांतर गप्पा, इतर वाचन हे सगळं बंद. प्रवाशांना खिडकीतली प्रेक्षणीय स्थळं सांगणंसुद्धा बंद!

यातली मेख लक्षात घ्या. ‘नेहमी सावध राहा’ असं हा नियम म्हणत नाही, कारण तसं कोणालाच जमत नाही. मोजकी मिनिटं ठरवून द्यायची आणि तेवढ्या वेळाला कुंपण घालायचं, एवढंच तो करतो. मात्र मायामीची चर्चा अवांतर नव्हती, कामाचीच होती. म्हणून दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे. अडचण कोणी सोडवायची आणि विमानाकडे कोणी बघायचं, हे आधी वाटून घ्यायला हवं.

हॉस्पिटलमध्ये काय होतं?

2010 मध्ये सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 98 नर्सेस 4271 वेळा औषध देत असताना संशोधकांनी निरीक्षण केलं. निम्म्याहून अधिक वेळा कोणी ना कोणी मध्येच त्यांचं काम थांबवलं होतं. व्यत्यय नसताना गंभीर चुकीची शक्यता सुमारे 2.3 टक्के होती. चार व्यत्यय आले की ती 4.7 टक्के, म्हणजे दुप्पट होत होती. व्यत्यय आणणारी माणसं वाईट नसतात. कोणी सलाईन संपल्याचं सांगत असतं, कोणी डिस्चार्ज कधी ते विचारत असतं.

तुम्ही काय करू शकता?

• नर्स औषध मोजत किंवा इंजेक्शन भरत असेल, तर तेवढा एक मिनिट थांबा. प्रश्न नंतर जरूर विचारा.

• डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहीत असताना रिपोर्ट पुढे सरकवू नका आणि फोनवर बोलू नका. शंका घरूनच कागदावर लिहून आणा. लिहून झालं की एकेक करून विचारा.

• घरी इन्सुलिन घेताना किंवा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरताना टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

• मध्येच दाराची बेल वाजली आणि ‘गोळी घेतली की नाही?’ असा प्रश्न पडला, तर अंदाजाने दुसरी घेऊ नका. इन्सुलिन, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत तर मुळीच नाही. डॉक्टरांना फोन करा. कॅलेंडरवर खूण करायची सवय लावलीत, तर हा प्रश्न पडणारच नाही.

• घरात आजारी माणसाला औषध देण्याची जबाबदारी एका वेळी एकाकडेच असू द्या. ‘तू दिलंस ना?’ ‘मला वाटलं तू दिलंस!’ हा संवाद अनेक घरांत होतो.

आणि एक महत्त्वाचा अपवाद. रुग्णाला धाप लागली, त्याला या औषधाची ॲलर्जी आहे किंवा हे औषध दुसऱ्याच रुग्णाचं वाटतंय, तर क्षणभरही थांबू नका. लगेच मध्ये बोला. वैमानिकांचा नियमही सुरक्षेचं बोलणं कधीच अडवत नाही.