नवा फोन घेतला. पण त्यातलं खातं कुणाचं?

वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या माझ्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, काही वर्षांपूर्वी पहिला स्मार्टफोन घेतला. दुकानातल्या मुलाने दहा मिनिटांत सगळं 'सेट करून' दिलं. जीमेल काढलं, व्हॉट्सॲप टाकलं, पॅटर्न ठेवला. सहा महिन्यांनी नाना पॅटर्न विसरले. फोन रिसेट करून आणला, तर स्क्रीनवर एकच मागणी: या फोनवर आधी असलेलं गुगल खातं टाका. ते खातं कोणतं आणि पासवर्ड काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो मुलगाही दुकान सोडून गेला होता. पंढरपूरच्या वारीतले आजीसोबतचे फोटो त्यात होते. ते परत मिळाले नाहीत.

असं बऱ्याच घरांत होतं. कॅमेरा आणि बॅटरी आपण चार दुकानं फिरून बघतो, पण फोन सुरू करायचं काम दुसऱ्यावर सोडतो. नवीन फोन घेतल्यावर काय करायचं, ते क्रमाने समजून घेऊ.

दुकानात काय तपासायचं?

प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा १५ आकडी क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. *#०६# डायल केलं की ते स्क्रीनवर येतात. स्क्रीनवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, हे बघा. बिल पक्कंच घ्या. पुढे फोन हरवला तर हाच कागद कामाला येतो.

जुना फोन घेत असाल तर आणखी एक तपासणी करा. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोनचं मॉडेल काय आणि तो ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे उत्तरात कळतं. संचार साथी ॲपमध्येही ही सोय आहे. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खातं स्वतःचंच का हवं?

अँड्रॉइड फोनचा मालक कोण, हे गुगल खात्यावरून ठरतं. खातं ज्याच्या हातात, त्याला दुसरीकडे बसून फोन कुठे आहे ते बघता येतं, तो लॉक करता येतो, पूर्ण पुसताही येतो. बॅकअप झालेले फोटो, कॉन्टॅक्ट आणि सेव्ह केलेले पासवर्डही तिथेच असतात. आयफोनमध्ये हेच काम ॲपल खातं करतं.

नानांचा फोन अडला तो 'फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन'मुळे. चोराने फोन पुसला तरी जुनं खातं टाकल्याशिवाय तो चालू नये, यासाठी २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे. ती चोराला अडवते, तशी खात्याची माहिती नसलेल्या मालकालाही अडवते.

म्हणून फोन घरी आणून सुरू करा:

१. आधीचं जीमेल असेल तर तेच टाका. नसेल तर नवीन काढा. पासवर्ड स्वतः ठरवा.
२. रिकव्हरीसाठी स्वतःचा नंबर द्या. दुसरा ईमेल घरातल्या विश्वासाच्या माणसाचा द्या.
३. दुहेरी पडताळणी, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सुरू करा.
४. ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून ती कपाटात ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका.

दुकानदाराने आधीच फोन सुरू करून दिला असेल तर सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' उघडा. अनोळखी ईमेल दिसला तर आधी तुमचं खातं जोडा, फोटो आणि कॉन्टॅक्ट त्यात घ्या आणि मगच ते अनोळखी खातं काढा.

लॉक कोणता ठेवायचा?

पॅटर्न शेजारी बसलेल्याला सहज दिसतो. सहा आकडी पिन ठेवा आणि सोबत बोटाचा ठसा. जन्मवर्ष किंवा मोबाईल नंबरचे आकडे पिनमध्ये नकोत.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. एक, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नाहीतर फोन लॉक असूनही ओटीपी कुणालाही वाचता येतो. दोन, सिमला पिन लावा. सिमचा मूळ पिन मोबाईल कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला तर सिम लॉक होतं आणि पीयूके कोड मागावा लागतो.

व्हॉट्सॲपमध्येही सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी सुरू करा. तुमचा ओटीपी कुणाला मिळाला, तरी या पिनशिवाय त्याला तुमचं व्हॉट्सॲप चालू करता येत नाही.

ॲप कुठून घ्यायचं?

फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून. सध्याचा मोठा सापळा म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल. कधी ती 'आरटीओ चलन' म्हणून येते, कधी 'पीएम किसान' म्हणून, कधी लग्नाची पत्रिका म्हणून. ओळखीच्या नंबरवरूनही येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच अडकलेला असतो. ती टाकली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढे जातात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते. तिच्यासाठी ॲप टाकावं लागत नाही.

वरणगाव, भुसावळ भागात निर्माणीचे आणि रेल्वेचे पेन्शनर बरेच आहेत. त्यांच्यासाठी नोव्हेंबर महिना विशेष सावध राहण्याचा, कारण तेव्हा हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो घरबसल्या देता येतो. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप प्ले स्टोअरमधून घ्या, चेहरा दाखवा, काम झालं. ओटीपी सांगण्यासाठी पेन्शन कार्यालयाचा फोन येत नाही. आला तर तो ठगाचा समजा.

पैशांचं काय?

यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. 'पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका' असं कुणी म्हणालं, की पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

पेन्शन किंवा केळीच्या पट्टीचे पैसे जमा होतात ते खाते यूपीआयला जोडू नका. वेगळं खातं काढा आणि रोजच्या खर्चापुरते पैसे त्यात ठेवा. चूक झालीच तर नुकसान तेवढ्यापुरतंच राहील.

व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात कुणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर फोन कट करा. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही.

आपल्याकडचं ऊन

मे महिन्यात आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ॲपल कंपनी आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते. उन्हात उभ्या गाडीत किंवा डिकीत फोन ठेवू नका. चार्जिंग करताना तो उशीखाली नको. बॅटरी फुगली, मागचं झाकण वर आलं, तर चार्जिंग लगेच थांबवा आणि फोन दुरुस्तीला न्या.

फोन हरवला किंवा पैसे गेले तर?

फोन हरवला तर दुसऱ्या फोनवरून गुगल खात्यात जाऊन तो लॉक करा. मोबाईल कंपनीला सांगून सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि डुप्लिकेट सिम घ्या. मग बिल आणि तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करा. त्यासाठी ओटीपी लागतो आणि नव्या सिमवर सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असू शकतात, त्यामुळे सिम घ्यायला उशीर नको. ही ब्लॉक करण्याची सोय महाराष्ट्रात सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये देशभर पोहोचली.

पैसे गेले तर आधी १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. लाजेने रात्रभर गप्प बसू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तुम्ही कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून दोन्हीकडे वेळ महत्त्वाची.

नानांनी पुढचा फोन घेतला तेव्हा आम्ही तो घरी, ओट्यावर बसून सुरू केला. पिन नानांनीच टाकला, मलाही दाखवला नाही. तुमच्या घरातही आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा फोन असेल, तर आज सेटिंगमध्ये जाऊन तेवढं एकदा बघा: खातं कुणाचं आहे?